तारेवरचं द्वंद्वगीत

नाईक भटूच्या रेडिओ सेटची बॅटरी त्या दिवशी चांगली होती. ती उतरत चालली आहे असं मी मेजर साहेबांना सांगितलं, ते खोटं होतं. हे वाक्य गेल्या महिन्यापर्यंत मी कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. चौकशीत नाही, बायकोजवळ नाही, आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हाही नाही.

मी इन्फन्ट्री बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमध्ये हवालदार होतो. गाव असोदा, जळगावच्या शेजारी. आता घरची केळीची बाग बघतो. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात तेव्हा मी थंडी सांगतो, उंची सांगतो, दाढीवर बर्फ कसं जमायचं ते सांगतो. मुलं खूश होतात. गाणं कधी सांगितलं नाही. गाणं सांगितलं असतं तर बॅटरी सांगावी लागली असती.

भटू मला पहिल्यांदा भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर दिसला. मी सुटी संपवून निघालो होतो. दुपारची वेळ, गाडी लेट. शेजारच्या काळ्या ट्रंकेवर एक सडपातळ पोरगा बसून गात होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं गाणं, काळ्या-पांढऱ्या सिनेमांतलं, एक बाई आणि एक पुरुष मिळून म्हणतात तसलं. गंमत अशी की तो फक्त बाईचा भाग म्हणायचा. आवाज बारीक करून नक्कल नाही, स्वतःच्या खालच्या, साध्या आवाजात. तिची ओळ म्हणायचा आणि पुरुषाच्या ओळीला लागेल तेवढा वेळ गप्प बसायचा. मग पुन्हा तिची.

तो गप्प बसलेला असताना माझ्या तोंडून पुरुषाची ओळ निघाली. आमच्या काकांच्या रेडिओमुळे ती मला पाठ होती. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पण गाणं सोडलं नाही. शेवटची ओळ दोघांनी एकत्र म्हणायची असते, ती म्हणून झाल्यावरच बोलला.

"जळगावना का?"

"असोद्याचा."

"तरीच. एवढा वांगा कोन लई जास फौजमा?"

माझ्या पिशवीत भरताची वांगी होती, ती वरून दिसत होती. मी म्हटलं, "तू कुठचा?" तो धुळ्याजवळच्या खेड्यातला निघाला. माझी बोली वेगळी, त्याची अहिराणी वेगळी, आणि पहिल्या तासातच आम्ही एकमेकांच्या बोलीची टिंगल करू लागलो होतो. गाडीत कळलं की तो आमच्याच बटालियनला, आमच्याच प्लाटूनमध्ये पोस्टिंगवर येतो आहे.

त्याच्या वडिलांचा, नानांचा, माइक-सेटचा धंदा होता. लग्नसराईत पंचक्रोशीतल्या मांडवांवर नानांचे कर्णे लागायचे. रेकॉर्डींची लाकडी पेटी नाना स्वतः मांडीवर घेऊन बैलगाडीत बसायचे. त्यांचा एक नियम होता. जोडीचं गाणं लावलं की सुई मध्येच उचलायची नाही. नवरदेव वेशीवर येवो, बँड दारात येवो, भटजी ओरडो, गाणं संपेपर्यंत नाना सुईला हात लावायचे नाहीत. मांडवात दोघांचं गाणं अर्धं तुटलं तर ते त्या नवरा-नवरीला चांगलं नाही, असं त्यांचं म्हणणं. वीज गेली आणि रेकॉर्ड रडत रडत थांबली, तर नाना उठून उभे राहायचे आणि उरलेलं गाणं तोंडाने पूर्ण करायचे. पुरुषाचं ते म्हणायचे. बाईचं त्यांची मुलगी म्हणायची, भटूची थोरली बहीण, अक्का. अंधारात मांडवाच्या खांबाला बांधलेली केळीची पानं हलत असायची, आणि बापलेकीचे दोन आवाज. पुढे अक्का लग्न होऊन पहूरला गेली. नानांचं अर्धं गाणं उघडं पडलं. तेव्हा लहानग्या भटूने बाईचा भाग पाठ केला.

हे सगळं त्याने मला एका दमात सांगितलेलं नाही. वरच्या पोस्टवर, तारेवरून, थोडं थोडं सांगितलं.

ती पोस्टिंग उत्तरेला, फार उंचावर होती. जागेचं नाव लिहीत नाही. खाली कंपनीचा तळ, तिथल्या बंकरमध्ये टेलिफोन एक्सचेंज, तिथे मी. समोरच्या डोंगराच्या धारेवर पुढची पोस्ट, तिथे भटू. मध्ये बर्फाचा एक मोठा उतार आणि त्यावरून टाकलेली काळी तार. तारेचा टेलिफोन आणि बॅटरीवरचा रेडिओ सेट, असे दोन्ही असायचे. सेटवर फालतू बोलणं सक्त मना. तार मात्र आमची दोघांची होती.

दर तासाला लाइन चेक. हँडल फिरवायचं, घंटी वाजली की तिकडून आवाज.

"लाइन चेक."

"ओके."

संपलं. पण संध्याकाळी स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्च्यात उभं राहायची वेळ, संपल्यावरचा जो चेक असायचा, त्यात आम्ही 'ओके' म्हणत नसू. मी पुरुषाची पहिली ओळ म्हणायचो. तिकडून बाईची आली, तर लाइन ओके.

तो वेळ मी कसा सांगू? समोरची शिखरं आधी केशरी व्हायची, मग जांभळी, मग राखेसारखी. स्टोव्हची फुरफुर. रिसीव्हर कानाला इतका गार लागायचा की आम्ही त्याला मोज्याचं कापड गुंडाळलं होतं. तारेत सतत एक बारीक खरखर असायची, जुन्या रेकॉर्डवर सुई टेकल्यावर गाणं सुरू होण्याआधी येते ना, अगदी तशी. त्या खरखरीतून भटूचा आवाज वर यायचा. मी डोळे मिटले की बर्फ राहायचं नाही. न पाहिलेला मांडव दिसायचा, पिवळे बल्ब, नानांची पेटी, आणि कुणीतरी एक बाई जी मला विचारते आहे आणि माझ्या उत्तरासाठी थांबली आहे. आमच्या जन्माच्या आधीची गाणी ती. ज्यांनी ती ऐकून प्रेमं केली ते तेव्हाच म्हातारे झाले होते. तरी मला वाटायचं, आमचंही काहीतरी तिथे मागे राहिलं आहे, आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ ते परत मिळतं.

भटूची चेष्टा व्हायची. पोस्टवरचे जवान त्याला 'भाभीजी' म्हणायचे. तो म्हणायचा, "हसा. तुमना लगनमा बी मीच गास."

जानेवारीत मोठं बर्फ पडलं. एका संध्याकाळी आम्ही गात होतो. दुसरा अंतरा सुरू झाला होता, बाईची ओळ निम्म्यात होती, आणि तार तुटली. खरखरही थांबली. रिसीव्हर लाकडासारखा मुका.

बर्फ पडतच राहिलं. सेट चालू होता, काम अडलं नव्हतं. सेटवर सगळं हिंदीत आणि मोजकं. तरी रोजच्या रिपोर्टच्या शेवटी, 'ओव्हर' म्हणायच्या आधी, भटू एक शब्द टाकायचाच.

"सब ठीक. आर्धं शे. ओव्हर."

अर्धं आहे. दुसऱ्या कुणाला वाटलं असेल, रॉकेल अर्धं आहे. मी हसायचो. पण दिवसामागून दिवस गेले तसं हसू गेलं. नानांची ती समजूत मला तोवर खुळचट वाटायची. आता संध्याकाळी शिखरं जांभळी झाली की माझा हात हँडलकडे जायचा आणि मला खरोखर अस्वस्थ व्हायचं, जेवताना घास अडकावा तसं. कुणाच्या तरी मांडवात आम्ही सुई उचलून ठेवली आहे.

बर्फ थांबलं त्या दुपारी मेजर साहेब एक्सचेंजच्या बंकरमध्ये आले. साहेब आमचे कंपनी कमांडर, पहाडी माणूस, कमी बोलणारे. नियम त्यांनीच शिकवला होता. ताजं बर्फ पडल्यावर उताराला दोन दिवस बसू द्यायचं, तोवर त्यावर पाय ठेवायचा नाही.

"लाइन?"

"डाउन, साब."

"सेट?"

इथे 'ओके साब' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "चल रहा है साब, पर आगे की बैटरी उतर रही है. रात तक शायद ना टिके."

साहेब थोडा वेळ उताराकडे बघत राहिले. बॅटरी संपली आणि तारही नाही, म्हणजे पुढची पोस्ट मुकी. तसं ठेवणं कुठल्याच कमांडरला परवडत नाही. मला ते माहीत होतं. म्हणूनच मी ते कारण निवडलं होतं.

"बर्फ ताजी है."

"जी साब."

"कल धूप पड़ने से पहले कर लेगा?"

"भटू है, साब. कर लेगा."

हुकूम मीच सेटवर पोचवला. "कल सुबह लाइन रिपेअर. धूप से पहले. आपकी बैटरी वीक है. ओव्हर."

सेटवरून आलं, "बैटरी?"

मी नुसतं "ओव्हर" म्हटलं.

"रॉजर. बैटरी वीक है. ओव्हर."

त्या 'वीक है'मध्ये हसू होतं. त्याला समजलं होतं. शाळेत मास्तरांना फसवून आंब्याखाली पळणाऱ्या दोन पोरांसारखे आम्ही झालो होतो, एकमेकांपासून एक दरी दूर.

सकाळी उजाडल्यावर तो उतरला. दोर धरायला बरोबर एक शिपाई होता, तो खडकाच्या आडोशाला थांबला. साहेब माझ्या शेजारी उभे होते, हातात चहाचा मग. आकाश स्वच्छ. ऊन अजून वरच्या धारेवरच होतं.

घंटी वाजली. उताराच्या मधोमध तार जोडून, खांद्यावरचा टेलिफोन तिला लावून भटूने हँडल फिरवलं होतं.

"लाइन चेक."

"ओके," मी म्हटलं. "लाइन ओके. वापस जाओ."

आणि त्याने बाईची ओळ म्हटली. जिथे तुटली होती तिथून नाही, त्या ओळीच्या पहिल्या शब्दापासून. चढउतारामुळे दम लागलेला, थंडीने आवाज थोडा बसलेला, पण सूर जागेवर. ओळ संपली. आता माझी होती.

साहेब शेजारी होते. त्यांना रिसीव्हरमधलं ऐकू येत नव्हतं, पण माझं ऐकू आलं असतं. हवालदार एक्सचेंजवर बसून गातो आहे, तेही ज्या लाइनसाठी माणूस उतारावर घातला त्या लाइनवर. मग बॅटरीचं विचारलं असतं.

"वापस जाओ," मी पुन्हा म्हटलं.

"आर्धं नको सोडू, भो. एक ओळ म्हन, मंग जास."

मी गप्प राहिलो. तो थांबला. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर थांबला होता तसाच, पुरुषाच्या ओळीला लागेल तेवढा वेळ. किती वेळ ते विचाराल तर साहेबांनी चहाचा एक घोट घेतला, एवढा. तारेत ती खरखर होती. मग तिच्या खालून एक जड, मऊ आवाज आला, कुणी गादी ओढत न्यावी तसा, आणि तार मेली.

सगळा उतार सुटला होता. शिपाई खडकामुळे वाचला. भटू दुपारी सापडला. तार बर्फाबरोबर वाहून तीन ठिकाणी तुटली होती. त्याने घातलेला जोड मात्र शाबूत होता.

चौकशी झाली. विचारलं ते एकच, ताजं बर्फ असताना माणूस का पाठवला. साहेब म्हणाले, संपर्काची गरज वाटली, निर्णय माझा होता. बॅटरी कमजोर असल्याचं कुणी सांगितलं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझं नाव येऊ दिलं नाही. आपल्या हवालदाराच्या रिपोर्टमागे लपायचं नाही, असा त्यांचा हिशेब असणार. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी काही बोललो नाही. साहेबांची पुढची बढती झाली नाही. कारण कुणी सांगत नसतं, पण आम्हाला समजतं.

तेराव्यानंतर साहेब भटूची ट्रंक घेऊन स्वतः धुळ्याकडे आले. बरोबर मी. नाना ओसरीवर बसले होते, त्यांना काही उमजत होतं असं वाटलं नाही. त्यांच्या पुतणीने तांब्या-पेला आणला. तेवढ्यात अक्का बाहेर आली. तिने साहेबांना सरळ विचारलं, "बर्फ ताजा व्हता ना? मंग धाडं कसाले त्याले?"

साहेबांना बोली कळली नाही, प्रश्न कळला. "फैसला मेरा था, दीदी."

अक्काने पुतणीच्या हातातून तांब्या घेतला आणि आत नेऊन ठेवला. आमच्याकडे वैऱ्यालाही पाणी देतात. साहेबांना दिलं नाही. ते उन्हात थोडा वेळ उभे राहिले, भटूच्या फोटोला सॅल्यूट केला आणि जीपकडे गेले. मी त्यांच्यामागून निघालो तर अक्का म्हणाली, "प्रकाश, तू बस रे." मला पाणी मिळालं. चहाही मिळाला. मी दोन्ही प्यायलो.

पुढची वीस-बावीस वर्षं मी त्या घरचा झालो. नाना गेले तेव्हा खांदा दिला. दर जानेवारीत भटूच्या गावी जायचो. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. माझ्या बागेत मोटर चालू करून बांधावर बसलो की पाण्याच्या आवाजात ती खरखर सुरू व्हायची, आणि मी ओठ मिटून घ्यायचो.

या वर्षी गावाने शाळेला फाटक बांधलं आहे, भटूच्या नावाचं. उद्घाटन येत्या जानेवारीत. साहेबांना कुठून तरी कळलं. त्यांचा फोन आला. आवाज म्हातारा झाला आहे.

"प्रकाश, दीदी से पूछ लो. मना करेंगी तो नहीं आऊंगा."

मी मोटरसायकल काढून पहूरला गेलो. अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस सगळे पांढरे. डोळे भटूचे.

"वांगा लयना का?"

"आणली."

"ठेव तठे. दरसाल तू वांगा आनस आनि भरीत मालेच करनं पडस."

मी पिशवी ठेवली. साहेबांचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. "तो नको. बठ्ठा गावले बलावा, तो नको."

मी निघू शकलो असतो. निरोप पोचवला होता, उत्तर मिळालं होतं. पण खाली बसलो, आणि बॅटरीपासून सुरू केलं. बॅटरी, हुकूम, ते हसू, घंटी, ओळ, चहाचा घोट. मध्ये कुठेही थांबलो नाही. सांगून झालं तेव्हा तिच्या मांडीवरच्या शेंगा ओट्याखाली सांडल्या होत्या आणि एक शेळी त्या खात होती. अक्काने तिला हाकललं नाही.

मग म्हणाली, "आवाज कसा व्हता त्याना?"

"बसलेला. पण सुरात."

"कोठलोंग म्हना?"

दुसऱ्या अंतऱ्यातल्या बाईच्या ओळीपर्यंत, असं मी सांगितलं. तिने समोर बघत ती ओळ म्हटली. गाणारीचा आवाज आता राहिलेला नाही, कोरडा आहे, पण ओळ त्याच वळणाने गेली. दुपारचं ऊन ओट्यावर आडवं आलं होतं. शेजारच्या घरातला पंखा कुरकुरत होता, आणि मला क्षणभर वाटलं की मी रिसीव्हर कानाला लावून बसलो आहे आणि अजून काही झालेलं नाही. ओळ संपली. माझी ओळ म्हणायला मी तोंड उघडलं.

अक्काने हात वर केला. "आते नको."

मी ओठ मिटले.

"त्या मानूसले मी पानी दिधं नही. तू उभा व्हता तठे."

"हो, अक्का."

"तू पानी पिना."

"हो."

"मंग माले काय सांगस? त्याले सांग. त्याले येऊ दे. मन्हा हातनं पानी पिऊ दे. मंग फाटकजोडे उभा ऱ्हाय आनि म्हन तुन्ही ओळ. बाईनं मी म्हनसू." ती उठली, पदर झटकला. "नानानी सुई किती वरीस उचलेल ठेवी तू, प्रकाश."

ती आत गेली ती बाहेर आली नाही. त्या दिवशी मला पाणी मिळालं नाही. मी मागितलंही नाही.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळी, मधे रस्ता, समोर उतरतं ऊन. पानं तशीच हलत होती, न पाहिलेल्या त्या मांडवातल्यासारखी. असोद्यापर्यंत मी तीस की चाळीसच्या स्पीडने आलो असेन. मागून गाड्या हॉर्न देऊन पुढे जात होत्या.

नाईक भटू, गाव धुळ्याजवळ, माइकवाल्या नानांचा मुलगा. चांगला लाइनमन होता. बर्फात उघड्या बोटांनी जोड घालायचा आणि तो जोड सुटायचा नाही. गाताना बाईच्या ओळीवर कधी हसला नाही, आणि दुसऱ्याची ओळ येईपर्यंत थांबायचा.

मेजर साहेबांना मी अजून फोन केलेला नाही. बॅटरी चांगली होती, एवढं सांगणं मी त्यांचं देणं लागतो. ते सांगितल्यावर, त्यांच्यासमोर, भटूची एक ओळ देणं लागतो.